कौले उतरवून पत्रा चढवताना माळ्याच्या हवेचाही हिशेब व्हावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिमगा आटोपला की कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडाच्या, आधी छपरांची कामे उरकण्याची घाई सुरू होते. गेल्या काही वर्षांत मात्र या कामांचे स्वरूप पार बदलले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि रायगडपासून मंडणगड-दापोलीपर्यंत हजारो घरांची कौले उडाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने किनाऱ्याला पुन्हा झोडपले. वानर-माकडांचा उपद्रव तर बारमाही आहे, आणि दरवर्षीच्या शाकारणीला जाणता माणूस मिळणे दुरापास्त झाले आहे. या सगळ्याला कंटाळून लोक कौले उतरवतात, लाकडी वासे-रिपांच्या जागी लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करतात आणि त्यावर रंगीत पत्रा चढवतात. या निर्णयाला माझा विरोध नाही. ज्याच्या घरात गळते त्याला कौलांच्या सौंदर्यावर प्रवचन देण्याचा अधिकार कोणालाच नाही. तक्रार एवढीच आहे, की या कामाच्या अंदाजपत्रकात पत्र्याची जाडी, रंग, पाइपांचे वजन, स्क्रू आणि पन्हळ या सर्वांचा उल्लेख असतो, पण छप्पर आणि छत यांच्यामध्ये जो माळा उरतो त्यातील हवा कोठून आत येणार आणि कोठून बाहेर जाणार, याबद्दल एक ओळही नसते. मग पहिल्याच एप्रिल-मेमध्ये घरातील माणसे ‘पत्रा तापतो’ म्हणून हैराण होतात आणि पंख्यामागून पंखे, शेवटी वातानुकूलन यंत्र, असा खर्च वाढत जातो.

ही ओळ अंदाजपत्रकात का नसते, याचे कारण जुन्या छपरातच आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर जी मंगळुरी कौले किनारपट्टीभर पसरली, ती एकमेकांत खाचेने अडकतात, पण त्यांचे सांधे हवाबंद नसतात. त्याआधीची नळीची कौले तर आणखीच मोकळी असत. प्रत्येक सांध्यातून थोडी थोडी हवा ये-जा करीत असल्यामुळे संपूर्ण पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजूच, एक मोठा झरोका असे. तापलेली हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाई, वळचणीखालून तुलनेने थंड हवा आत येई, आणि चुलीचा धूरसुद्धा वेगळ्या धुराड्यावाचून बाहेर पडे. पावसात कौल पाणी पिते आणि ऊन पडल्यावर ते पाणी उडून जाताना कौल थोडे निवते, हा आणखी एक फायदा. कोणी हिशेब केला नव्हता, कारण हिशेब करण्याची गरजच नव्हती. पत्र्याचे तसे नाही. आठ-दहा फुटांचे, कित्येकदा आढ्यापासून (छपराच्या सर्वांत वरच्या रेषेपासून) वळचणीपर्यंत (खालच्या कडेपर्यंत) एकसंध असलेले पत्रे, त्यांच्या कडा एकमेकींवर घट्ट बसवलेल्या, स्क्रूंखाली रबरी चकत्या, आढ्यावर टोपपत्रा आणि वळचणीच्या पन्हाळ्यांत फोम किंवा सिमेंट भरून बुजवलेल्या पोकळ्या, असे काम कारागीर जितके नेटके करतो तितका माळा कोंडला जातो. जुन्या छपरात जे आपोआप घडत होते ते नव्या छपरात मुद्दाम घडवावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. केवळ झरोके ठेवले की घर थंड होईल असे सांगणारे विक्रेते भेटतात; ते अर्धसत्य आहे. उन्हाळ्याच्या दुपारी गडद रंगाचा पत्रा सहज ६० अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि त्यातील उष्णता दोन वाटांनी खाली येते. एक वाट हवेची, म्हणजे पत्र्याला लागून असलेली हवा तापते आणि माळाभर साचते. दुसरी वाट प्रारणाची, म्हणजे पत्र्याच्या पोटाकडून निघालेली उष्णता मधल्या हवेची पर्वा न करता थेट खालच्या छतावर पडते, आणि दुपारच्या वेळी हा वाटा मोठा असतो. झरोके पहिल्या वाटेवर उपाय करतात. दुसऱ्या वाटेवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. त्यासाठी पत्र्याच्या खाली चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमचा पडदा (फॉइल) लागतो, कारण चकाकते अ‍ॅल्युमिनियम स्वतः फारच कमी उष्णता बाहेर टाकते. मात्र हा पडदा मोकळ्या हवेकडे तोंड करून असला तरच काम करतो. पत्रा आणि छताची पाटी यांच्यामध्ये दोन्हीकडून घट्ट दाबून बसवलेल्या फॉइलचा उपयोग जवळजवळ नाही. चकाकती बाजू वर ठेवली तर दोन-तीन वर्षांत तिच्यावर धूळ बसते, म्हणून ती खाली ठेवलेली बरी. आणि पत्रा पांढरा किंवा फिकट रंगाचा घेतला तर मुळात उष्णता शोषलीच कमी जाते, यासाठी तर एक पैसाही जास्त पडत नाही. तरी गावोगाव विटकरी लाल आणि गडद निळ्या पत्र्यांचीच चलती आहे, हे पाहून आश्चर्य वाटते. लाल रंग कौलांची आठवण देतो हे खरे, पण कौलाचा गुण त्याच्या रंगात नव्हता.

आता झरोक्यांकडे वळतो. माळ्यातील हवा हलण्यामागचे तत्त्व साधे आहे: तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, म्हणून तिला बाहेर जाण्याची वाट आढ्याजवळ हवी, आणि तिची जागा घेणारी हवा खालून, वळचणीतून यायला हवी. यातील दुसरा भाग सर्रास विसरला जातो. वर वाट ठेवली आणि खाली ठेवली नाही, तर वरची वाट एक तर निकामी होते किंवा छताच्या फटींतून, दिव्यांच्या भोकांतून खोलीतील हवा ओढते. म्हणून खालच्या वाटेचे क्षेत्र वरच्या वाटेइतके किंवा किंचित जास्त असावे. किती असावे यासाठी अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेत माळ्याच्या तळाच्या क्षेत्रफळाचा १५० वा भाग, आणि काही अटी पूर्ण होत असल्यास ३०० वा भाग, असे प्रमाण दिले आहे. ते प्रमाण थंड प्रदेशातील दवाच्या प्रश्नातून आले असल्यामुळे कोकणासाठी ते वेदवाक्य मानण्याचे कारण नाही. पण काहीतरी धरून सुरुवात करायची तर त्यातील मोठा आकडा धरावा. ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद, म्हणजे १,००० चौरस फुटांचे घर घेतले, तर एकूण पावणेसात चौरस फुटांच्या आसपास मोकळी वाट लागते, निम्मी वर आणि निम्मी खाली. आढे ४० फुटांचे असेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पत्रे एकेक इंच अलीकडे थांबवले, तर दोन इंच रुंदीची सलग फट मिळते. तिचे क्षेत्रफळ पावणेसात चौरस फूट भरते, आणि जाळी व टोपपत्र्याची आड यांत त्यातले सुमारे अर्धे गेले असे धरले, तरी हवे तेवढे शिल्लक राहते. खाली दोन्ही वळचणी मिळून ८० फूट होतात. तेथे दीड-दोन इंचांची जाळीची पट्टी सोडली की काम भागते. म्हणजे मागणी अवाढव्य नाही. जाळी आणि थोडा जादा टोपपत्रा एवढाच खर्च, तोही छपराच्या एकूण खर्चात सहज मुरणारा.

या हिशेबातील एक बाब विशेष लक्षात घ्यावी. हवेचा ओघ झरोक्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, परंतु वरच्या आणि खालच्या वाटेतील उंचीच्या केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पत्रा घालताना खर्च वाचवण्यासाठी उतार कमी करण्याची प्रथा पडली आहे. त्यामुळे माळ्याची उंची निम्मी झाली तर ओघ सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, आणि ती घट झरोके थोडे मोठे करून भरून काढता येते. उतार कमी करण्याचे इतर तोटे आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईलच. पण ‘आमचे छप्पर चपटे आहे, आमच्याकडे हवा खेळणारच नाही’ हे निराशेचे कारण खरे नव्हे.

बाजारात या कामासाठी सर्वाधिक खपते ती वस्तू म्हणजे वाऱ्यावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर. कारखान्यांच्या शेडवर तो शोभतो आणि चालतोही, कारण तेथे दारे अवाढव्य असतात आणि खालून हवा भरपूर येते. घरावर तो बसवताना मात्र तीन गोष्टी विचारात घेतल्या जात नाहीत. पहिली, चैत्र-वैशाखातील ज्या कोंदट वेळी वारा पडलेला असतो त्याच वेळी त्याची खरी गरज असते, आणि तेव्हा तो जवळजवळ थांबतो. मग त्याच्या मानेतून जेवढी तापलेली हवा आपोआप वर जाईल तेवढीच. दुसरी, तो पत्र्याला गोल भोक पाडून बसवावा लागतो, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पत्र्यातील प्रत्येक भोक म्हणजे गळतीला आमंत्रण. तिसरी, खाऱ्या हवेत त्याचे बेअरिंग गंजते आणि मग रात्री तो कुरकुरतो. त्याची कुरकुर ऐकणारे शेजारी यावर माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने लिहू शकतील. आढ्याची सलग फट आणि टर्बो दोन्ही ठेवणे तर अधिकच चुकीचे, कारण टर्बो फिरू लागला की तो वळचणीतून हवा ओढण्याऐवजी शेजारच्या आढ्याच्या फटीतूनच ओढतो आणि खालचा माळा जसाच्या तसा कोंडलेला राहतो. विजेवर चालणारा पंखा माळ्यात बसवण्याबद्दलही माझे मत अनुकूल नाही. वीज गेली की तो थांबतो, आणि कोकणात वीज केव्हा जाते हे नव्याने सांगायला नको.

दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळीदार खिडक्या ठेवण्याची पद्धत जुनी आहे आणि वारा त्या दिशेने वाहत असेल तेव्हा ती चांगली चालते. परंतु चारपाखी छपराला अशा भिंतीच नसतात, आणि दुपाखी छपरातही मधल्या भागात हवा खेळत नाही. शिवाय पश्चिमेकडच्या त्रिकोणी भिंतीतील मोठी खिडकी म्हणजे आषाढातील झडीला उघडे दार. पूर्वेकडे एक खिडकी ठेवून ती लाकडी झडपेने बंद करण्याची सोय करावी, एवढे पुरे. मुख्य भिस्त वळचण आणि आढे यांवरच असावी.

वादळात छपरावर आणखी भोके नकोत, ही शंका ग्रामस्थ हमखास काढतात आणि ती रास्त आहे. मंगळुरी कौलांच्या छपराचे वजन दर चौरस मीटरला तीस किलोच्या पुढे जाते. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे पाच किलोच्या आतबाहेर असते. कौल उडाले तर एकेक उडते, पत्रा उडाला तर सांगाड्यासकट पाखेच उडते. वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात इमारतीच्या आतील दाब हा भिंतींतील उघड्या भागाच्या प्रमाणावर ठरवला आहे: उघडा भाग भिंतीच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर आतील दाब कमी धरला जातो, पाच ते वीस टक्के असेल तर तो अडीच पट, आणि त्याहूनही जास्त असेल तर साडेतीन पट धरला जातो. वळचणीतील दीड-दोन इंचांच्या पट्ट्या या मर्यादेच्या खूपच आत बसतात, आणि त्या दोन्ही बाजूंना सारख्या विभागलेल्या असल्यामुळे वाऱ्याकडील बाजूने आलेली हवा पलीकडून व आढ्यातून निघूनही जाते. छपराला धोका आहे तो वादळात उघडणाऱ्या दाराचा, फुटणाऱ्या खिडकीचा, आणि वळचणीच्या व आढ्याच्या कडेला जेथे वाऱ्याचा उपसा, म्हणजे पत्रा वर ओढणारा जोर, सर्वांत जास्त असतो तेथे स्क्रू कमी मारण्याचा. उतार फार कमी केला तर हा उपसा वाढतो, म्हणून चपट्या छपराचा मोह धरू नये. जो कारागीर झरोके नाकारतो आणि त्याच वेळी कडेला दोन फुटांवर एक स्क्रू मारतो, त्याला वादळाची काळजी आहे असे मानता येणार नाही.

पाऊस आत येऊ नये यासाठी वळचणीची जाळी भिंतीच्या उभ्या भागात न बसवता पुढे आलेल्या पाख्याच्या पोटाला, जमिनीकडे तोंड करून बसवावी, आणि पाखे भिंतीच्या बाहेर निदान दोन फूट काढावे. आढ्यावर पत्र्याची वरची कड थोडी वर वळवून घ्यावी, म्हणजे वाऱ्याने वर ढकललेले पाणी फटीपर्यंत पोहोचणार नाही, आणि टोपपत्रा दोन्ही बाजूंना भरपूर खाली उतरवावा. जाळी साध्या लोखंडाची नको, समुद्राकाठी ती दोन पावसाळ्यांत गळून पडते. स्टेनलेस स्टीलची घ्यावी. छिद्रे इतकी बारीक असावीत की उंदीर, वटवाघूळ आणि गांधीलमाशी आत जाणार नाही, पण इतकीही बारीक नकोत की कोळिष्टक आणि धूळ बसून ती बुजतील. डासांच्या जाळीने वाट लवकर बंद होते, असा अनुभव आहे. फॉइल घालणाऱ्यांनी ती एका वळचणीपासून आढ्यावरून दुसऱ्या वळचणीपर्यंत अखंड ताणू नये, आढ्याच्या फटीखाली काही इंच मोकळी सोडावी. हा दोष इतक्या कामांत दिसतो की झरोका वरून उघडा आणि खालून शिवलेला, असे विनोदी दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही.

उन्हाळ्याइतकाच, पण कमी चर्चेचा त्रास थंडीतला आहे. पौष-माघातील निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो, आणि माळ्यातील दमट हवा त्याला लागली की पहाटे पत्र्याच्या पोटाशी पाणी जमून ते खाली ठिबकते. लोक याला गळती समजून स्क्रूंवर डांबर फासतात. ही दमट हवा बहुतेक वेळा घरातूनच वर गेलेली असते: स्वयंपाकघरातील वाफ, न्हाणीघरातील बंब, माळ्यावर रचलेली ओली लाकडे. स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील पंख्याचे तोंड माळ्यात सोडून देण्याची जी पद्धत रूढ होत आहे ती बंद झाली पाहिजे. ते तोंड घराबाहेरच निघाले पाहिजे. झरोक्यांनी हा त्रास कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण किनाऱ्यावरची रात्रीची बाहेरची हवासुद्धा ओलीच असते. पत्र्याखालील आवरण आणि झरोके या दोहोंची जोडी येथेही उपयोगी पडते. पावसाळ्यात तर बाहेरची हवा कोरडी नसतेच, तरी ढगाळ दिवसाही पत्रा थोडा तापतो, माळा बाहेरपेक्षा उबदार राहतो आणि वाहत्या हवेमुळे लाकडाला व धान्याच्या कणग्यांना बुरशी धरण्याचे प्रमाण घटते.

सर्वच घरांना हे लागू नाही, हेही नमूद केले पाहिजे. ज्यांनी दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेली जाड पॅनल घेतली आणि खाली वेगळे छतच ठेवले नाही, त्यांच्याकडे माळाच नसल्यामुळे प्रश्न मिटतो. फक्त ती पॅनल महाग पडतात. स्लॅबवर पत्र्याची शेड घालणाऱ्यांनी चारही बाजू उघड्या ठेवल्या तर त्यांना याहून चांगले वायुवीजन कोणी देऊ शकणार नाही. दुर्दैवाने दोन वर्षांत त्या बाजू पत्र्याने बंद करून तेथे अडगळ भरली जाते आणि स्लॅब पुन्हा तापू लागतो. ज्या खोलीत वातानुकूलन आहे तिच्यावरचे छत मात्र आधी नीट बंद करून त्यावर उष्णतारोधक थर घालावा, नाहीतर झरोक्यांतून आलेली दमट हवा थंड छताला लागून वरच्या बाजूने बुरशी धरते. अमेरिकेतील फ्लोरिडासारख्या उष्ण-दमट भागात याच कारणास्तव काही बांधकामदार माळा पूर्णपणे बंद ठेवू लागले आहेत. आपल्याकडच्या, सर्व खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या घरांना तो मार्ग उपयोगाचा नाही.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरकुलांवर आणि आपत्तीनंतरच्या मदतीतून होणाऱ्या छपरांवर देखरेख करणाऱ्या ग्रामपंचायतींनी व पंचायत समितीच्या अभियंत्यांनी कोकणापुरता तरी वळचण-आढ्याच्या झरोक्याचा एक साधा नमुना-आराखडा काढून गवंडी व फॅब्रिकेटर यांच्या हाती द्यावा. घरकुलाच्या मर्यादित पैशांत टर्बो बसणार नाही, पण जाळीची पट्टी बसेल. आणि घरमालकांनी दरपत्रक हाती पडताच त्यात वळचणीची जाळी किती फूट, आढ्याची फट किती इंच आणि पत्र्याखाली कोणते आवरण, या तीन नोंदी लिहून मागाव्यात. पत्रे कारखान्यातून मापाने कापून येतात, त्यामुळे आढ्याशी ते कोठे थांबवायचे हे मागणी नोंदवण्यापूर्वीच ठरवावे लागते. एकदा टोपपत्रा बसल्यावर तो उचकटून फट पाडायला सांगितले, तर मे महिन्यात एकही फॅब्रिकेटर त्यासाठी पुन्हा छपरावर चढत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी